पाहुण्यांचं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बाटल्यांवर घराचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. तपासणाऱ्याला घर माहीत असलं की त्याचा हात हलतो, असं नियमपुस्तक म्हणतं. शहरातल्या चाळीस ठिकाणचं नळाचं पाणी दर महिन्याला माझ्या टेबलावर येतं ते एक ते चाळीस असं. अकरा महिने मी सतरा नंबरच्या बाटलीला फक्त सतरा म्हणून ओळखत होते.

सतरा गुणी बाटली होती. जंतू कायम शून्य. नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला कपाटाच्या तळाशी पेनाएवढं एक यंत्र सापडलं होतं. पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. तो आकडा अहवालात लागत नाही, कुणी मागतही नाही. तरी मी वहीत एक जास्तीचा रकाना आखला आणि भरत गेले. बाकीच्या एकोणचाळीस बाटल्या तीनशेच्या आगेमागे: २८८, ३१०, ३०४. सतरा: ४१. पुढच्या महिन्यात ३८.

सगळ्या शहराला एकाच धरणाचं पाणी येतं. एकाच गल्लीतल्या नळाला वेगळं धरण कुठून येणार? मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ, निवृत्तीला दीड वर्ष बाकी.

"यंत्र जुनं आहे गं," त्या म्हणाल्या.

मी यंत्र प्रमाण द्रावणात घालून तपासलं. यंत्र बरोबर होतं. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. नवी नोकरी, एक वर्ष उमेदवारीचं, त्यात सुरुवातीलाच मॅडमना खोटं पाडायचं म्हणजे जरा जास्तच झालं असतं. रकाना भरत राहिले, प्रश्न विचारायचं बंद केलं. अकरा अहवालांवर 'पिण्यास योग्य' लिहून खाली सही केली.

बाराव्या महिन्यात काकांना कावीळ झाली.

काका म्हणजे मावशीचे यजमान, निवृत्त पोस्टमन. गुरुवारी दुपारची रजा टाकून मी त्यांना बघायला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी खाट ओढून ते पडले होते. डोळे हळदीसारखे. भिंतीवरच्या खुंटीला इस्त्री केलेला झेंडा, प्लास्टिकच्या पिशवीत. वर्षातून एकदा तो गच्चीवर लावायचा मान काकांचा. देश म्हटलं की काकांचे डोळे भरून येतात; क्रिकेटच्या सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं तरी खाटेवरून उठून उभे राहतात.

"गल्लीत तिसरा नंबर माझा," ते म्हणाले. "खालच्या शिंप्याची पोरगी पहिली. ती अजून दवाखान्यात आहे."

"पण तुमच्याकडे तर फिल्टर आहे."

"आहे ना. पण हे दात कशानं घासतात?" मावशी आतून ओरडली. "नळाच्या पाण्यानं! म्हणे फिल्टरचं पाणी थुंकायला नाही घेतलेलं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि आमचे मामा आत आले. मामा कुणाचे मामा ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही. एकोणतीस वर्षं ते शहरभर फिरून बाटल्या भरून आणतात आणि सगळे त्यांना मामा म्हणतात. खांद्याला बर्फाची पेटी. मला बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"ताई, तुम्ही इथे?"

"ही माझी मावशी."

"अरे वा," मामा म्हणाले, पण त्या 'वा'मध्ये जीव नव्हता.

मावशीला कसलीच अडचण वाटली नाही. तिनं मामांना खुर्ची दिली, चहा टाकला, त्यांच्या हातातून बाटली घेतली, स्वयंपाकघरात गेली आणि फिल्टरची तोटी उघडून ती गळ्यापर्यंत भरली. मी दारातून बघत होते. बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सतरा.

"मावशी, हे नळाचं पाणी नाही."

"नळाचं कसं देऊ?" ती खरोखर चकित झाली. "घाण असतं ते. माणूस एवढे तीन जिने चढून येतो आणि त्याच्या हातात ते काळं पाणी ठेवू? आणि वर ऑफिसात जाऊन सगळ्यांना दिसणार की अमुक घरातून असं पाणी आलं. काही लाजलज्जा?"

"अगं, ते तपासायलाच नेतात ना!"

"मग स्वच्छ आलं की नाही तपासून?"

खाटेवरून काका हसले आणि हसता हसता खोकले. मावशीनं मामांनी पुढे केलेल्या कागदावर फुलीच्या जागी सही केली. त्यावर छापलेलं होतं: 'सदर नमुना माझ्यासमोर माझ्या घरातील नळातून घेण्यात आला.' तिनं ते कधी वाचलं नव्हतं. मामांनी कधी वाचून दाखवलं नव्हतं.

मामा निघाले तशी मी त्यांच्या मागोमाग जिन्यात गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते गुडघा धरून पायरीवर बसले.

"बोला आता," ते म्हणाले. "बोलून घ्या एकदाचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, या गल्लीला पाणी कधी येतं?"

"मला नाही माहीत."

"पहाटे पाच वीसला. सहाला जातं. माझी हजेरी कितीला लागते? दहाला. मी इथे पोचतो तेव्हा नळातून हवा येते, हवा. आता हवा कशी भरू बाटलीत?" त्यांनी पेटीचं झाकण उगाच उघडून मिटलं. "एकोणीस वर्षांपूर्वी, बऱ्याच गल्ल्यांना टाकी नव्हती तेव्हा, अर्ज दिला होता. पहाटेची ड्युटी द्या, नाहीतर नळाच्या वेळा तरी बघा. तो अर्ज अजून फिरतोय. माझे गुडघे गेले, अर्जाचे नाही गेले."

"बाकीच्या ठिकाणी?"

"बाकी ठिकाणी टाक्या आहेत, दिवसभर नळ चालतो. इथेच टाकी नाही. या घरी बाई चांगल्या, चहा देतात, बाटली भरून देतात. मी कशाला नाही म्हणू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. राग करायलाही थोडी ताकद लागते, आणि माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो जास्तीचा रकाना येत होता. ४१, ३८, ३९, ४०. फिल्टरचं पाणी असंच असतं; रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. मला ते कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, उठून कपाटातून एक जाड फाईल आणली आणि माझ्यासमोर आपटली नाही, अलगद ठेवली. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

"सतरा नंबर कुठला आहे माहितीये? नव्या पाइपलाइनचं शेवटचं टोक. दोन वर्षांपूर्वी घातली. काम पूर्ण झाल्याचा दाखला गेल्या वर्षी निघाला, तेव्हापासून ते घर यादीत. दाखल्यानंतर सलग बारा महिने या टोकाचं पाणी स्वच्छ आलं की कंत्राटदाराची हमी संपते. मग त्या पाइपाशी त्याचा संबंध नाही. अकरा झालेत."

"हा बारावा."

"हा बारावा. सोमवारी चारला जायला हवा."

फाईलमध्ये कामाचे फोटो होते. खणलेला रस्ता, कडेला निळ्या पाइपांची रास आणि रासेपुढे उभे असलेले गल्लीतले सात-आठ जण. खाली ओळ: 'नागरिकांचे उत्स्फूर्त सहकार्य'. मधोमध कडक इस्त्रीच्या शर्टात, एक हात पाइपावर ठेवून, काका उभे होते.

"मी थांबवलं तर?" मी विचारलं.

"तर लिही. पण ते तुला पहिल्या अकरांसकट लिहावं लागेल. नाहीतर ते विचारतील, अकरा महिने स्वच्छ आणि आज अचानक घाण कशी? म्हणतील, पोरीनं बाटली नीट धुतली नाही. तुझी उमेदवारी कधी संपते?"

"याच महिन्याअखेर."

"हं," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्या वयाची असताना एक अहवाल अडवला होता. तीन वर्षं मला भांडारात बसवलं. रिकाम्या बाटल्या मोजायला. तुला भीती घालत नाहीये. तुला विचारायचं होतं ना कधीतरी की मॅडम अशा का, म्हणून सांगितलं."

"मला पहाटेचा नमुना घ्यायचा आहे."

"घे. घर मात्र तेच लागेल, यादीतलं. आणि घरमालकाची सही. घर कुणाच्या नावावर आहे?"

"मावशीच्या."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा चढवला.

शनिवारी पहाटे पाचला मी गल्लीत पोचले. अंधार विरळ होत होता. सगळ्या घरांत दिवे लागलेले, सगळ्या दारांत बादल्या. पाच वीसला नळांनी आधी खाकरल्यासारखा आवाज केला, मग पाणी आलं. काळपट, वर फेस, गटाराचा वास. आणि मी बघितलं की कुणीही दचकलं नाही. प्रत्येक घरातून ते पाणी सरळ मोरीत सोडून दिलं जात होतं. बायका कमरेवर हात ठेवून घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. दहा मिनिटांनी पाणी निवळलं की बादल्या लागणार. दोन वर्षं रोज सकाळी सगळी गल्ली मिळून दहा मिनिटं गप्प उभी राहत होती.

मी जिने चढून वर गेले. मावशी दारात आडवी उभी राहिली.

"बाटली भर हवी तर. सही मी करणार नाही."

"मावशी, सहीशिवाय ती बाटली म्हणजे नुसतं पाणी आहे."

"बारा वेळा लिहून दिलंय मी की नळाचं आहे म्हणून. आता म्हणू नव्हतं? उद्या दारात पोलीस आले तर तू येणार आहेस का माझ्याऐवजी?"

"अकरा अहवालांवर माझीही सही आहे."

"तू शिकलेली आहेस. तुला मार्ग सुचतील."

खाटेवरून काका म्हणाले, "मी करतो सही. द्या इकडे."

"घर तुमच्या नावावर आहे का?" मावशी वळली. इतक्या दिवसांचं साठलेलं त्यांच्यावर निघालं. "झेंड्याला सलाम ठोकता ना? मग ते पाइप परत गाडीत भरून नेले त्या दिवशी कुठे होतात?"

मी काकांकडे बघितलं. "परत नेले?"

काकांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "आठ दिवस पडले होते रस्त्यावर. मग साहेब आले, म्हणाले नागरिकांनी फोटोला उभं राहा. मी शर्ट बदलून गेलो. मला वाटलं, चांगलं काम होतंय, आपणही उभं राहावं. फोटो झाला. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत पाइप भरले आणि खड्डा बुजवला. मी गॅलरीत उभा होतो. सगळेच उभे होते. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी विचारेल."

"तुम्ही का नाही विचारलंत?"

"फोटोत मी होतो ना," काका म्हणाले. "काय तोंडानं विचारू?"

पाणी चालूच होतं. पाच चोवीस. माझ्याकडे सहा मिनिटं होती.

जिन्यावर पावलं वाजली. खालची शिंपीणबाई रिकामी कळशी घेऊन वर आली होती. रात्री दवाखान्यात थांबलेली, केस विस्कटलेले. "वहिनी, फिल्टरचं थोडं पाणी द्याल? डबा घेऊन जायचंय पोरीला." मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे गेलं. "ही कसली?"

मी सांगितलं. नळाचं पाणी तपासायला, दर महिन्याला नेतात, याच घरातून.

"दर महिन्याला?" ती म्हणाली. "आमच्याकडे कधी नाही आलं कुणी. आले असते तर हेच दिलं असतं. दुसरं आहेच कुठे आमच्याकडे?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती नुसती माहिती देत होती. "कागद असेल तर मी करू का सही? मला चालेल."

"तुमचं घर यादीत नाही," मी म्हणाले.

"असं का," ती म्हणाली आणि कळशी पुढे धरून उभी राहिली.

मावशीनं कळशी घेतली. फिल्टरची तोटी बारीक असते, भरायला वेळ लागतो. ती पाठमोरी उभी होती. कळशी अर्धी भरली तेव्हा तिनं मागे न बघता हात पसरला.

"आण ती बाटली."

"मी भरते."

"माझ्या घरात मी भरेन." तिनं बाटलीत डोकावून बघितलं. "आत काहीतरी पांढरं लागलंय. विसळून घेते."

"नको! ते क्लोरीन घालवायचं औषध आहे, राहू दे."

"घाण बाटलीत घाण पाणी," ती पुटपुटली. पण नळाखाली धरण्याआधी तिनं खांद्यावरचं फडकं ओढलं आणि नळाचं तोंड आतून-बाहेरून पुसलं, दोनदा. नियमपुस्तकातही तसंच लिहिलं आहे.

फॉर्म मी तिला सगळा वाचून दाखवला. तिनं सही केली, मग खाली आणखी काहीतरी लिहू लागली. मी वाकून बघितलं. 'आधीच्या वेळी फिल्टरचे दिले होते. मला वाटले चांगले द्यावे.'

"हे लिहायची गरज नव्हती," मी म्हणाले.

"तू तुझं लिहिणार आहेस ना? मग." तिनं पेन मला परत दिलं आणि शिंपीणबाईची कळशी उचलून जिन्यापर्यंत नेऊन दिली.

नमुना घातलेल्या काचेच्या नळ्या अठ्ठेचाळीस तास उबेच्या कपाटात ठेवायच्या असतात. सोमवारी सकाळी सात वाजता मी ते उघडलं. आदल्या दिवसापर्यंतचा जांभळा रंग गेला होता. पंधराच्या पंधरा नळ्या पिवळ्या, आत बुडबुडे; म्हणजे सगळ्यांत जंतू. क्षारांचा आकडा ३४६. मामांनी गुरुवारी आणलेली बाटली शेजारी ठेवून तोही मोजला. ३९.

दहा वाजता व्हरांड्यात शपथ झाली. दर सोमवारी होते. मॅडम वाचतात, आम्ही मागून म्हणतो: मी लाच देणार नाही, मी लाच घेणार नाही, अन्याय दिसल्यास मी गप्प बसणार नाही. तिसऱ्या वाक्याला नेहमी आवाज खाली जातो. मी आजवर समजत होते की एका दमात म्हटल्यामुळे श्वास संपतो. त्या दिवशी मी मुद्दाम आधी श्वास घेतला. तरीही आवाज खालीच गेला.

अहवाल दीड पानाचा झाला. पहिल्या परिच्छेदात बारावा नमुना. दुसऱ्यात आधीचे अकरा नमुने नळाचे नव्हते हे, आणि पुरावा म्हणून माझा रकाना, तारखांसकट. तिसरा परिच्छेद दोनच वाक्यांचा, पण तो लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला: 'हा फरक पहिल्या महिन्यापासून माझ्या लक्षात आला होता. मी तो कळवला नाही.' मॅडमच्या 'यंत्र जुनं आहे'बद्दल काही लिहिलं नाही. यंत्र तपासल्यावर परत जायचं काम माझं होतं.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "तिसरा परिच्छेद काढलास तरी चालेल."

"रकाना जोडलाय. ते तारखा बघतीलच."

"बघतील," त्या म्हणाल्या. शिक्का मारला, पण सहीच्या जागेवर पेन टेकवून थांबल्या. "भांडारात पंखा नाहीये, आधीच सांगते." आणि सही केली. चारला पाच कमी होते.

त्यानंतर फार काही झालं नाही. कंत्राटदाराची हमी संपली नाही, एवढं झालं. त्यानं पत्र पाठवलं, त्याला उत्तर गेलं, उत्तराला पत्र आलं. एक चौकशी बसली आणि अजून बसलेलीच आहे. माझी उमेदवारी सहा महिने वाढवली. कारण दिलं 'कामात हयगय', आणि ते खोटं नव्हतं. मावशीकडे पोलीस आले नाहीत. एक कारकून आला, त्यानं जबाब लिहून घेतला आणि तिनं त्याला चहा दिला. शिंप्याची मुलगी घरी आली. काकांनी त्या फोटोची प्रत मागवली. काय करणार आहेत ते सांगत नाहीत, पण मागच्या आठवड्यात ते गल्लीत घरोघर फिरून विचारत होते की फोटोतले बाकीचे जण अजून इथेच राहतात का.

पाइप घातलेला नाही. सतरा नंबरचा नमुना आता मी स्वतः घेते, कारण मामांचा अर्ज अजून फिरतोय. त्या दिवशी मी चारला उठते, पहिली बस पकडते. झोप पुरी होत नाही आणि दिवसभर डोकं जड राहतं. पाच वीसला नळ खाकरतो. मावशी फडकं घेऊन नळ पुसते, तोंड दुसरीकडे वळवून बाटली भरते, जणू ते पाणी तिनंच केलंय. मग मला म्हणते, "बस. चहा घेऊन जा. फिल्टरच्या पाण्याचा आहे."

मागच्या वेळी मात्र बाटली मला देताना ती म्हणाली, "खाली शिंपीणबाईकडेही जा. तिनं भरून ठेवलीय."

"तिचं घर यादीत नाही गं."

"मग यादीत घाल," मावशी म्हणाली आणि नळ बंद केला.